१९६१चे आजोबा, १९८०चा पुतण्या, २०२२ची नात

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमच्या मुलीचं लग्न मायामीतल्या एका क्यूबन कुटुंबात ठरलंय. मुलाचे आजोबा १९६१ साली आले. टाइल्सचा मोठा धंदा, तीन दुकानं, कोरल गेबल्ससारख्या महागड्या वस्तीत स्वतःचं घर. त्यांचा सख्खा पुतण्या १९८० साली आला, तो आज साठी उलटल्यावरही ट्रक चालवतो आणि भाड्याच्या घरात राहतो. आजीच्या बहिणीची नात २०२२ मध्ये आली. तिकडे दातांची डॉक्टर होती, इथे गोदामात खोकी भरते. जेवताना आजोबा तुम्हाला म्हणाले, "आम्ही खिशात पाच डॉलर घेऊन आलो, कुणापुढे हात पसरला नाही. नंतरच्यांना सगळं आयतं हवं." पुतण्या मान खाली घालून जेवत राहिला. आणि ती नात, पुण्याच्या लग्नाचा विषय निघाला की उठून कॉफी करायला जाते. तुम्ही विचारलंय, या घराची एक बाजू खरंच कामचुकार आहे का, आणि त्या मुलीला आपल्यात यायचंच नाहीये का.

मी मूळची सांगलीची. मायामीला चिकटून असलेल्या हायालीआत बावीस वर्षं टॅक्सची आणि छोट्या धंद्यांच्या हिशेबाची कामं करते. दहातली नऊ गिऱ्हाइकं क्यूबन. स्पॅनिश इथेच शिकले, लोकांचे फॉर्म भरता भरता. मी वकील नाही, त्यामुळे कागदपत्रांबद्दल खाली जे लिहीन ते वकिलाला विचारूनच पक्कं करा. पण कुठल्या घरात पैसा कुठून आला आणि कुठे अडला, हे माझ्या टेबलावर रोज दिसतं.

आधी एक कबुली. तुमच्या होणाऱ्या व्याह्यांना मी ओळखत नाही. पुतण्या खरंच आळशी असेलही. आळशी माणसं १९६१ सालीही आली होतीच. घटस्फोट, दारू, आजारपण, धंद्यातला भागीदार, कशानेही माणूस मागे पडतो, आणि ते बाहेरून कळत नाही. पण नवीन गिऱ्हाईक समोर बसलं की मी नावानंतर पहिली गोष्ट विचारते ती "कोणत्या साली आलात?" ही. उत्तर मिळालं की निम्मी फाइल मला न उघडता दिसते. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं त्या तीन सालांत आहे.

आजोबांची बाजू आधी घेते, कारण ती खरी आहे. १ जानेवारी १९५९ला क्यूबाचा हुकूमशहा बातिस्ता पळाला आणि फिदेल कास्त्रोच्या क्रांतिकारकांचं राज्य आलं. १९६०च्या ऑक्टोबरात मोठे कारखाने, दुकानं, भाड्याने दिलेली घरं सरकारजमा झाली. देश सोडणाऱ्याला पाच डॉलर आणि एक बॅग, एवढंच नेता यायचं. विमानतळावर बायकांच्या कानातलं काढून घेतल्याच्या गोष्टी मी त्याच बायकांच्या तोंडून ऐकल्यात. हवानात वकिली करणारी माणसं मायामी बीचच्या हॉटेलांत बशा विसळत होती. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात चौदा हजारांवर मुलं आईबापांशिवाय विमानात बसवून पाठवली गेली, आणि त्यातल्या कित्येकांची आईबापांशी भेट व्हायला वर्षं लागली. असं सोसलेल्या माणसाच्या बोलण्यात थोडी ऐट आली तर मी सोडून देते.

पण "हात पसरला नाही" हे काही मी लिहू देणार नाही. मायामीच्या बिस्केन बुलव्हार्डवर फ्रीडम टॉवर नावाची जुनी उंच इमारत आहे, १९२५ची, मुळात एका वर्तमानपत्राची. १९६२ ते १९७४ तिथे क्यूबन निर्वासितांचं सरकारी केंद्र होतं. जुनी माणसं अजून तिला 'एल रेफुहिओ' म्हणतात, म्हणजे आसरा. केनेडी सरकारने १९६१च्या सुरुवातीलाच क्यूबनांसाठी खास कार्यक्रम काढला होता. दरमहा थोडी रोख रक्कम, चीज, दुधाची भुकटी, डबाबंद मांस, दवाखाना, इंग्रजीचे वर्ग, मुलांच्या कॉलेजसाठी कर्ज, दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली तर प्रवासखर्च. क्यूबन डॉक्टरांना इथली परीक्षा देता यावी म्हणून मायामी विद्यापीठात वेगळा वर्ग चालायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत या सगळ्यावर एक अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाला. शीतयुद्धाचे दिवस होते. कम्युनिस्टांकडून पळून आलेला माणूस इथे सुखात आहे हे अमेरिकेला जगाला दाखवायचं होतं, आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी होती. १९६६ साली कायदाच झाला: क्यूबन माणसाने इथे दोन वर्षं काढली की (पुढे ते एकच वर्ष झालं) कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता यायचा. दुसऱ्या कुठल्याच देशाच्या लोकांना असा मुदत नसलेला, कायम खुला कायदा मिळाला नाही.

आता भांडवल. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. साठच्या दशकात मायामीतल्या काही लहान बँकांत हवानाहून आलेले बँकवाले कामाला लागले होते. ते आपल्या ओळखीच्या क्यूबनांना काही हजार डॉलरचं कर्ज द्यायचे. तारण नाही, जामीन नाही. हवानात तुमचं दुकान कसं चालायचं, तुमच्या वडिलांचा शब्द कसा होता, यावर कर्ज. माझ्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पहिल्या कर्जाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. मला एकदा दाखवला. तारणाच्या रकान्यात शाईची आडवी रेघ आहे, आणि खाली अधिकाऱ्याची झोकदार सही. "हा माझ्या मोठ्या भावाच्या वर्गात होता," म्हातारा म्हणाला.

आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे: पत. त्यात अब्रूही आली आणि उधारीही. क्यूबा सोडताना आजोबांच्या खिशात पाचच डॉलर होते, हे मान्य. पण पत विमानतळावर कुणाला काढून घेता आली नाही. आणि पंचविशीतल्या पोराची ती कसली पत, ती त्याच्या बापाची. कोका-कोलाचे प्रमुख झालेले रॉबेर्तो गोइसुएता यांचं उदाहरण इथे प्रत्येक जण देतो: १९६०मध्ये चाळीस डॉलर घेऊन आले आणि १९८१ साली कंपनीच्या शिखरावर पोचले. ते येल विद्यापीठाचे इंजिनिअर होते आणि क्यूबात असल्यापासून त्याच कंपनीत नोकरीला होते, हे सांगताना मात्र बहुतेकांची गाडी घसरते.

सत्तरच्या दशकात ही कर्जं आटली. तोवर येणारी माणसं बदलली होती. १९६५च्या डिसेंबरपासून १९७३पर्यंत क्यूबातल्या वारादेरोहून मायामीला नियमित विमानं चालली, अडीच लाखांहून जास्त लोक आले, त्यांत कारकून होते, न्हावी होते, शिंपी होते. बँकेतल्या साहेबाला त्यांच्या बापाचं नाव माहीत नव्हतं. माझ्या लेखी या कुटुंबांमधली पहिली फट तिथे पडली, १९८०च्याही आधी.

आणि हो, आजोबांच्या गोष्टीत आजी कुठे येते ते नीट ऐका. हायालीआतल्या कपड्यांच्या कारखान्यांत क्यूबन बायका ओळीने शिवणयंत्रावर बसायच्या. काही जणी तुकड्यावर काम घरी आणायच्या. दुकान तोट्यात असताना घर त्या पगारावर चाललं. मुलांना सांभाळायला घरात पणजी होती, म्हणून दोघांना कमावता आलं. असली घरं मी शेकड्याने पाहिलीत, आणि धंद्याची गोष्ट सांगताना शिवणयंत्राचं नाव घेणारा पुरुष मला आजवर एकच भेटला.

आता पुतण्या. १९७९ साली क्यूबाने बाहेर गेलेल्यांना पहिल्यांदा भेटीला येऊ दिलं, आणि लाखभर लोक बॅगा भरभरून गेले. ज्यांना वीस वर्षं 'गुसानो', म्हणजे अळी, म्हणून हिणवलं होतं तीच माणसं जीन्स आणि रेडिओ घेऊन उतरली. अळीची फुलपाखरं झाली, असा विनोद तेव्हा हवानात फिरला. पुढच्या एप्रिलमध्ये हवानातल्या पेरू देशाच्या वकिलातीत दहा हजारांवर लोक घुसले, आणि कास्त्रोने मारिएल बंदर उघडलं: ज्यांना जायचंय त्यांनी जावं. मायामीतल्या नातेवाइकांनी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या 'की वेस्ट' बेटावरून बोटी भाड्याने घेतल्या. आपला भाऊ, आपली बहीण आणायला ते गेले, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी त्या बोटींत अनोळखी माणसंही भरली, काही तुरुंगातली, काही मनोरुग्णालयांतली. पाच-सहा महिन्यांत सव्वा लाख लोक आले.

गंभीर गुन्हेगार त्यांत शंभरात दोनसुद्धा नव्हते. पण नाव पडायचं ते पडलंच. 'मारिएलीतो' ही मायामीत शिवी झाली, आणि सगळ्यात ठसक्यात ती जुन्या क्यूबनांनीच दिली. कारण त्यांनी वीस वर्षं कमावलेलं नाव धुऊन निघेल अशी त्यांना धास्ती होती. त्यात रंगाची गोष्ट आहे, जी जेवणाच्या टेबलावर कुणी काढणार नाही. १९६०च्या आसपास आलेले जवळजवळ सगळे गोरे. मारिएलच्या लोकांत काळे आणि मिश्र वर्णाचे पुष्कळ होते. एका कुटुंबातही रंग वेगळे असतात, आणि घर भाड्याने मिळताना ते मोजले जातात.

कागदाच्या बाजूने बघा. १९६१च्या माणसाला निर्वासित म्हणून मिठी मिळाली. १९८०च्या माणसाला शिक्का मिळाला 'प्रवेशित, दर्जा प्रलंबित' अशा अर्थाचा, आणि कायमच्या कागदांचा रस्ता १९८४च्या शेवटी मोकळा झाला. आल्या आल्या कित्येक जण आर्कान्सासच्या लष्करी तळावर कुंपणाआड, कित्येक मायामीत महामार्गाच्या पुलाखाली तंबूत. आलेल्यांत दहातले सात पुरुष, बहुतेक तरुण, एकटे. म्हणजे शिवणयंत्रावरची आजी नाही आणि पोरं सांभाळणारी पणजीही नाही. वर लगेच मंदी. १९८१मध्ये इथे घरकर्जाचा दर अठरा टक्क्यांवर गेला होता. एकोणीस वर्षांच्या पोराने कुठल्या बँकेत जाऊन कुठल्या बापाचं नाव सांगायचं? त्याचा बाप हवानातच होता.

तरी मारिएलची पुष्कळ माणसं उभी राहिली. माझी दोन सगळ्यात चोख गिऱ्हाइकं त्यातलीच. एक छपरं घालतो, एकीची बेकरी आहे. पण विचारलं तर सन सांगताना दोघंही "ऐंशीच्या सुमाराला" म्हणतात. त्यातल्या त्यात "सुमाराला" हा शब्द माझ्या कानाला लागतो.

एक घरपट्टीची गोष्ट सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. फ्लोरिडात राहत्या घराचं कर-मूल्यांकन वर्षाला तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, १९९५पासून. घर विकलं की ते पुन्हा बाजारभावावर जातं. त्यामुळे हायालीआत भिंतीला भिंत लागून असलेली दोन सारखी घरं घ्या: एकात पन्नास वर्षांपूर्वी घर घेतलेली म्हातारी, दुसऱ्यात तीन वर्षांपूर्वी घेतलेलं जोडपं. जोडप्याची घरपट्टी म्हातारीच्या कित्येक पट. दर जानेवारीत दोघांच्या पावत्या माझ्या टेबलावर येतात, आणि म्हातारी मला विचारते, "ही आजकालची पोरं पैसे कुठे उडवतात गं?" मी तिची पावती तिच्या हातात देते. दुसरी अर्थात दाखवता येत नाही.

मधल्या लाटेबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या घरात ती दिसत नाही. १९९४च्या उन्हाळ्यात टायरच्या ट्यूबांवर निघालेले 'बाल्सेरो', म्हणजे तराफेवाले, आधी ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावरच्या छावणीत, मग इथे. त्यानंतर वर्षाला किमान वीस हजार व्हिसांचा करार. आणि किनाऱ्यावर पाय टेकला तर राहा, समुद्रात सापडलात तर परत, हा नियम. तो नियम ओबामा सरकारने १२ जानेवारी २०१७ला बंद केला. तुमच्या दातांच्या डॉक्टरला समजायचं तर ही तारीख लक्षात ठेवा.

२०२१च्या नोव्हेंबरात निकाराग्वाने क्यूबनांना व्हिसामाफी दिली. लोकांनी घरं विकली, मायामीतल्या आत्या-मावश्यांकडून हजारो डॉलर उसने घेतले, विमानाने निकाराग्वा आणि तिथून जमिनीने उत्तरेला. २०२२ आणि २०२३ या दोन सरकारी वर्षांत अमेरिकेच्या हद्दीवर क्यूबनांची नोंद चार लाखांवर झाली. आकड्यात ही मारिएलच्या तिप्पट. सीमेवर अधिकाऱ्याने हातात कोणता कागद ठेवला, यावर सगळं ठरलं. एकीला 'पॅरोल'चा, म्हणजे देशात शिरायच्या तात्पुरत्या परवानगीचा कागद मिळाला, त्यामुळे वर्षाने ती १९६६च्या त्याच कायद्याखाली अर्ज करू शकली. तिच्या मागे रांगेत उभ्या असलेलीला आय-२२०ए नावाचा सुटकेचा कागद मिळाला, आणि २०२३च्या सप्टेंबरात इमिग्रेशनच्या अपील मंडळाने सांगितलं की याला पॅरोल म्हणता येत नाही. म्हणजे तोच कायदा, सीमेवरची तीच नदी, तोच दिवस, आणि एकीचं दार बंद. माझ्याकडे अशा दोन सख्ख्या बहिणी येतात. एक आता परिचारिकेचा कोर्स करतेय. दुसरी दर वेळी मला विचारते, "यंदा काही बदललं का?" आणि मी सांगते की मी टॅक्सवाली आहे.

दातांच्या डॉक्टरला इथे परवान्यासाठी साधारणपणे दोन-तीन वर्षं पुन्हा शिकावं लागतं, ती फी ऐकून मुंबईतला माणूसही दचकेल. १९६१मध्ये डॉक्टरांसाठी विद्यापीठात वर्ग होता. २०२२मध्ये तिच्यासाठी गोदाम होतं. हिशेबाच्या भाषेत फरक एवढाच आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आजोबांनी कष्ट केले, आणि त्या कष्टांना सरकार, बँक, आजीचा पगार आणि त्यांचा रंग, चारही बाजूंनी हात लागला. पुतण्याने कष्ट केले आणि त्याला त्यातलं एखाद-दुसरं मिळालं. नातीचा हिशेब अजून उघडाच आहे.

आपल्यालाही हे नवीन नाही. १९६५चा इमिग्रेशन कायदा झाल्यानंतर इथे आलेले मराठी डॉक्टर-इंजिनिअर आठवा, त्यांचं ग्रीन कार्ड बघता बघता झालं. तेच काका आज गणपतीत भेटले की वीस-वीस वर्षं रांगेत असलेल्या पोरांना धीर धरायचं प्रवचन देतात. मी एकदा एकाला विचारलं, काका, तुम्हाला किती लागलं होतं? ते प्रसादाच्या रांगेकडे वळले.

तुमच्या मुलीच्या पिढीची काळजी मात्र करू नका. इथे जन्मलेल्या क्यूबन पोरांना दोन्ही भाषा येतात, शिकलेली असतात, आणि घरातल्या या गाठी त्यांना आपल्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात. तिथेही फरक आहे. १९६१च्यांची नातवंडं बहुधा बेलेनसारख्या खासगी शाळांत गेलेली असतात. ही जेझुइटांची शाळा हवानातून हाकलली गेली आणि त्याच वर्षी मायामीत उभी राहिली. खुद्द कास्त्रो तिचाच विद्यार्थी, हे इथे मोठ्याने बोलायचं नसतं. तुमचा जावई पुतण्याच्या मुलांना नावाने हाक मारतो का, तेवढं बघा. मारत असेल तर निम्मं काम झालं.

आता तुम्ही काय करावं. आजोबांशी वाद घालू नका, नव्वदीच्या माणसाचा ताळेबंद दुरुस्त होत नाही. त्यांना एवढंच विचारा की पहिलं कर्ज कुणी दिलं. म्हातारे या प्रश्नावर खुलतात, नावं सांगतात, आणि सांगता सांगता गोष्ट आपोआप खरी होत जाते. मग विचारा, १९८०मध्ये पुतण्याला आणायला बोट कुणी केली होती. माझा अंदाज आहे की स्वतः आजोबांनीच, किंवा पैसे तरी त्यांचेच. तसं असेल तर पुतण्याच्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ तुम्हाला वेगळा लागेल.

आणि त्या मुलीबद्दल. तिच्याकडे कोणता कागद आहे मला माहीत नाही, आणि तुम्ही चारचौघांत विचारूही नका. पण आय-२२०ए असो की आश्रयाचा प्रलंबित अर्ज, अशा माणसाने अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येईल याची खात्री नसते. २०२५पासून तर इमिग्रेशन कार्यालयातल्या ठरलेल्या हजेरीला गेलेल्यांनाही ताब्यात घेतल्याचे प्रकार झालेत. घरातून निघताना लोक किल्ल्या शेजारणीकडे देऊन जातात. पुण्याला येत नाही म्हणजे तिला तुमच्यात यायचं नाही, असं धरू नका. नाही म्हणायला कारण सांगावं लागेल, म्हणून ती कॉफी करायला जाते.

लग्न पुण्यात करा, पण एक विधी मायामीत ठेवा. हळद ठेवा, त्याला भटजी लागत नाही, आणि आजी, ती नात, पुतण्याची बायको, सगळ्यांना हात लावता येतो. शक्यतो पुतण्याच्या घरी ठेवा, त्याचं अंगण लहान असलं तरी. पुतण्याला रविवार सोयीचा पडेल, ट्रकवाल्यांची शनिवारी खेप असते. हळद मात्र पुण्याहून न्या. इथल्या क्यूबन किराणात 'बिहोल' नावाची पिवळीधमक पूड मिळते, हुबेहूब हळदीसारखी दिसते, पण ती भाताला रंग द्यायची, शेंदरी नावाच्या झाडाच्या बिया घातलेली पूड. माझ्या एका मैत्रिणीने घाईत तीच भिजवली होती, आणि नवरा मुलगा दोन दिवस केशरी होता.